हौसाच्या डब्यासाठी एक ढाल

रोहा,
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय पुंडलिकभाऊजी यांना,

वहिनी म्हणून भरपूर आशीर्वाद आणि तुम्ही नाट्यस्पर्धेचे अध्यक्ष म्हणून नमस्कार. दोन्हींतलं जे आज कामाला येईल ते ठेवून घ्या. तुमचे गुडघे कसे आहेत? अमावास्येला त्यांना जो व्यायाम झाला त्यानंतर तुम्ही दोन दिवस जिना उतरला नाहीत असं माझ्या जावेने, अनिताने फोनवर सांगितलं. तिला म्हणावं, तिळाच्या तेलात थोडा ओवा तापवून चोळ, तुमच्या दादांना त्याने फार बरं वाटायचं. इथे माझी तब्येत चांगली आहे. दातांचं काम झालं, शेवग्याला शेंगा आल्या आहेत, आणि शेजारच्या बायजाकाकू काल मसाला दुधात साखरेऐवजी मीठ घालून सगळ्या आळीला घेऊन आल्या. सगळ्यांनी निमूट प्यायलं. आपली माणसं अजून चांगली आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

पत्र लिहायचं कारण तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही ते टाळता आहात हे मला माहीत आहे. तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा तुम्ही अंघोळीला गेलेले होतात. (इतका स्वच्छ माणूस आपल्या घराण्यात पूर्वी झाला नाही.) म्हणून लिहिते. पत्राला अंघोळीचं कारण सांगता येत नाही. तर आधी स्पष्ट लिहून टाकते, म्हणजे वाचताना चष्मा शोधायचं सोंग करायला नको: दिवाळीआधी रोह्यात जी अंतिम फेरी आहे, तिच्यात ध्वनियोजनेचं वेगळं पारितोषिक असलं पाहिजे. प्रकाशयोजनेला आहे, रंगभूषेला आहे, वेशभूषेला आहे, अगदी नेपथ्यालाही आहे, म्हणजे एका पाटीवर 'घर' लिहून खुंटीला लावली तरी आहे. आवाजाला नाही. ते हवं आहे, आणि मी ते घेतल्याशिवाय राहणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, वहिनींना या वयात हे काय सुचलं. सुचलं नाही भाऊजी, हे जुनं आहे. पनवेलच्या कॉन्व्हेंटमध्ये दर नाताळात येशूच्या जन्माचं नाटक व्हायचं. आम्ही खाडीकडच्या मुली वसतिगृहात राहायचो आणि आमचे उच्चार सिस्टरांच्या मते अजून व्हायचे होते. त्यामुळे गोरीगोमटी कुणीतरी मरिया व्हायची, डॉक्टरांच्या मुली देवदूत व्हायच्या, आणि मी मेंढी व्हायची. तीसुद्धा पडद्यामागची. पुढे पुठ्ठ्याच्या मेंढ्या असत, त्यांना ओरडायचं काम माझं. सहा वर्षं मी मेंढी होते. सिस्टर फार प्रेमळ होत्या, म्हणायच्या, "चंद्रा, तू ओरडलीस की गोठा उभा राहतो." पण बक्षिसाच्या दिवशी मरियाला पुस्तक, देवदूतांना फिती, आणि पुठ्ठ्याच्या मेंढ्या कापणाऱ्या मुलीलाही पेन्सिलींचा डबा मिळायचा. मला वाईट वाटायचं असं नाही, त्या वयात मेंढीला वाईट वाटायचं असतं हेच माहीत नव्हतं. अजूनही डिसेंबरात मेणबत्त्यांचा वास आला की माझा घसा आपोआप तयार होतो.

तर आपल्या गावच्या बायकांनी 'खांड' ही एकांकिका करायची ठरवलं, दिग्दर्शनाला तुमचा चिरंजीव रितेश ठरला, आणि आवाजाचं काम माझी मावसबहीण हौसा आणि मी, अशा दोघींकडे आलं. गोष्ट साधी: दोन जावा, बोलणं बंद, आणि शेवटी भरतीच्या पाण्याने खाडीच्या बंदिस्तीला, त्या मातीच्या बांधाला, भगदाड पडतं, खांड जाते, तेव्हा दोघी एकाच घमेल्याला हात लावतात. म्हणजे सगळं नाटक त्या खांडीवर. रितेशने पेणच्या विशालला बोलावलं, ज्याचे कर्णे गणपतीच्या मिरवणुकीत खिडक्यांच्या काचा हलवतात. विशालने लॅपटॉपवर समुद्र लावला. समुद्र चांगला होता, पण परदेशी. त्यात कुठलेसे पक्षी सारखे किंचाळत होते, जे आपल्या खाडीवर कधी आले नाहीत आणि आले तर इतकं बोलणार नाहीत. हौसा ते ऐकून म्हणाली, हा समुद्र काय आपल्या शेतात यायचा नाय, याला विमान लागंल.

मग आम्ही आमचं जमवलं. तुम्हाला हे सांगायलाच हवं, कारण तुमच्या परीक्षकांना वाटतं की आवाज म्हणजे बटण. पाणी बांधाला चाटतं तो आवाज सुपात खडेमीठ फिरवून काढला, आणि मीठही आपल्याच मिठागरातलं, बाजारचं फार बारीक पडतं. बांधाची माती आतून सुटून खाली बसते तो आवाज शाडूचे ओले गोळे घमेल्यात सोडून. (शाडू जोह्याच्या गणपतींच्या कारखान्यातून आणला. गणपती झाल्यावर तिथे उरलेल्या मातीला कुणी विचारत नाही.) पाणी भोकातून आत ओढलं जातं तो आवाज पालथा तांब्या बादलीत दाबून. आणि गडगडाटासाठी पत्रा. पत्रा मी रोह्याहून गाडीने नेला. निडीला गाडी उभी असताना एका भल्या माणसाने मला वाट द्यायला तो उचलला आणि तो असा काही गडगडला, की रुळांपलीकडच्या घरातली बाई धावत बाहेर आली, अंगणातले वाळत घातलेले वाल तिने पदरात ओढले, आभाळाकडे पाहिलं आणि कोरड्या उन्हात उभी राहिली. मला तिची माफी मागायची होती, पण गाडी सुटली. आमच्या कामाचं पहिलं प्रशस्तिपत्र मला निडीला मिळालं असं मी समजते.

आता पेणच्या पहिल्या फेरीचा दिवस. सर्वपित्री अमावास्येला नाटकाची स्पर्धा कुणी ठेवत नाही, पण तुमच्या मंडळाला त्या दिवशी सभागृह मोकळं मिळालं आणि तुम्ही ठेवलीत. लोक कावळ्यांना घास घालून, खीर-वडे खाऊन टेम्पो भरभरून आले. आपलं गाव जवळजवळ सगळं आलं. आमची वेळ दुपारी बाराच्या पुढची. भाऊजी, तुम्ही खाडीकाठचे, तुम्हाला काय सांगायचं, भाद्रपदातली अमावास्या, भर दुपारची भरती, वर्षातलं मोठं उधाण, आणि शेतात भात निसवायला, लोंब्या टाकायला आलेला. सभागृहात बसलेल्या प्रत्येकाचं अर्धं मन बांधावर होतं. गोविंदाला बंदिस्तीवर राखणीला ठेवून मगच लोक निघाले होते. हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण मी तांब्या-बादलीच्या काळजीत होते.

आणि हौसाने कला दाखवली. मी पडद्यामागे मीठ फिरवत होते, माझ्या शेजारी ती डबा घेऊन बसायची होती. तेलाचा मोठा पत्र्याचा डबा, खांड गेल्यावर गावात वाजवतात तो. नाटक सुरू झालं तरी ही जागेवर नाही. नंतर म्हणाली, गो चंदू, खांड काय पडद्यामागं जाते? खांड मावळतीला जाते. म्हणून ती सभागृहाबाहेर पश्चिमेच्या खिडकीखाली जाऊन बसली होती. आत मातीचे गोळे पडले, पाणी ओढलं जाऊ लागलं, सभागृहात इतकी शांतता झाली की मला माझ्या बांगड्यांची लाज वाटली. आणि मग बाहेरून, खाडीच्या बाजूने, डबा वाजला. दोन ठोके, एक श्वास, दोन ठोके, एक श्वास.

आपल्या गावात डबा वाजला की काय करतात हे मी तुम्हाला सांगू नये. हातातलं टाकायचं, घरटी एकाने धावायचं, का म्हणून विचारायचं नाही. ताटावरून न उठलेल्या माणसाला त्याच्या नातवंडांपर्यंत चिडवतात. गावचा डबा पेणला कसा ऐकू येईल हा विचार करायला माणूस थांबला, तर तो आपल्या गावचा नव्हे. पहिल्यांदा मागच्या रांगा उठल्या. मग मधल्या. कुणी ओरडलं नाही, ढकलाढकली नाही, एखादी चादर ओढून घ्यावी तसं सगळं सभागृह दारातून निघून गेलं. रंगमंचावर एक जाऊ झालेली सुरभी रडत होती, डोळ्यांत ग्लिसरीन होतं. तिने पदर खोचला आणि नाटकातलं घमेलं घेऊन पायऱ्या उतरून तीही गेली, तिच्या सासरची जमीन तिथे आहे. दुसरी जाऊ एकटी काय करणार, तीही गेली. चहावाला गेला. आणि पहिल्या रांगेतली, अध्यक्षांची, मखमली कापड घातलेली खुर्ची मी फटीतून पाहिली, तर तीही रिकामी होती.

तुम्ही एका अनोळखी माणसाच्या मोटारसायकलवर मागे बसलात, छातीवर अध्यक्षांचा बिल्ला, हातात चपला. हे मी बनवून सांगत नाही, गोविंदाने पाहिलं. तो बांधावर शांतपणे वाटी घेऊन बसला होता, कुणीतरी घरून खीर पाठवली होती. समोरून अख्खं गाव फावडी, पाट्या आणि नाटकातलं एक घमेलं घेऊन धावत येताना पाहून त्याने खीर खाली ठेवली आणि विचारलं, "कोन गेला?" लोक म्हणाले खांड गेली. तो म्हणाला, कुठं? तेव्हा सगळ्यांनी बांधाकडे पाहिलं, बांधाने सगळ्यांकडे पाहिलं. पाणी काठोकाठ होतं, पण हद्दीत. तुम्ही म्हणे गोविंदाला सांगितलंत, की तुम्ही एक महत्त्वाचा फोन करायला मोकळ्या जागी आला होतात. भाऊजी, त्या बांधावर रेंज नाही. गोविंदा फोन करायचा तर पिंपळाखाली जातो.

इकडे सभागृहात उरले कोण, तर मुंबईहून आलेले दोन परीक्षक, मी, आणि विशाल. (रितेश त्या वेळी बाहेर वडापाव खात होता. मी त्याला दोष देत नाही, सकाळपासून पोर उपाशी होतं.) परीक्षक बसूनच राहिले. एकाने चहा मागितला, पण आणणार कोण. दुसरा मात्र कागदावर भराभर लिहीत होता. मला वाटलं, आता आपलं नाटक बाद. संध्याकाळी निकाल लागला: दिग्दर्शन, प्रथम, रितेश. कारण, प्रेक्षकांनाच नाटकाचं पात्र करून रंगमंदिराबाहेर नेण्याची धाडसी कल्पना. सगळ्यात जास्त आश्चर्य रितेशच्याच तोंडावर होतं, पण ते फार वेळ टिकलं नाही. दुसऱ्या दिवशी तो स्थानिक वाहिनीवर सांगत होता की ही कल्पना त्याच्या मनात कॉलेजपासून घोळत होती. गुणी पोर आहे, माझ्या मांडीवर वाढलं, म्हणून मी टीव्ही बंद केला आणि भांडी घासली. तुमच्यासाठी खास सांगते, कढई इतकी स्वच्छ पूर्वी कधी निघाली नव्हती.

पण त्या संध्याकाळी मी परीक्षकांकडे गेले होते. नीट विचारलं, आवाजाचं बक्षीस कुठे आहे. ते म्हणाले पार्श्वसंगीताचं आहे, ते की-बोर्डवाल्या मंडळाला दिलं, तुमच्यात संगीत नव्हतं. मी म्हटलं, संगीत नव्हतं म्हणूनच लोक धावले, की-बोर्ड वाजला असता तर बसून राहिले असते. त्यावर ते हसले. म्हणाले, काकू, ध्वनी हा दिग्दर्शनातच येतो. मी विचारलं, मग प्रकाश का येत नाही? तर म्हणाले, "प्रकाश दिसतो हो, काकू."

भाऊजी, हे वाक्य मी घेऊन घरी आले. रात्रभर गाडीत, म्हणजे पेण ते रोहा जेवढी रात्र होते तेवढी, मी ते उलटंपालटं करून पाहिलं. ज्या माणसाला दोन ठोक्यांत भरलेलं सभागृह रिकामं झालेलं 'दिसलं' नाही, त्याला मी काय दाखवणार? पण हौसा त्या वेळी दाराशी डबा घेऊन उभी होती. डब्याला पोचे पडले होते. तिने बक्षिसं वाटताना प्रत्येक नावाला टाळ्या वाजवल्या, डबा काखेत धरून, एका हाताने दुसऱ्या हाताच्या मनगटावर. ते मात्र मला बघवलं नाही. त्याच जागेवर मी ठरवलं.

आता परिस्थिती अशी आहे. अंतिम फेरी रोह्यात. रितेशला तोच परिणाम पुन्हा हवा आहे. तो हौसाकडे पेढे घेऊन गेला, पाया पडला, मावशी तुझ्याशिवाय कसं होणार म्हणाला. हौसाने पेढे घेतले, एक तिथेच खाल्ला, आणि सांगितलं, "बक्षीस डब्याला असंल तर डबा वाजंल. नायतर तुझा दिग्दर्शन वाजव." मग त्याने पुन्हा विशालचा लॅपटॉप आणला. परवा तालमीला मी मुद्दाम हजर होते. भरती चढली, बांध सुटायला लागला, सुरभीचा हुंदका अगदी घशाशी आला, आणि त्या पाण्यातून एक बाई गोड आवाजात विचारू लागली, गार पाणी प्यायल्यावर तुमच्या दातांना झिणझिण्या येतात का. जाहिरात होती. विशाल म्हणाला, पैसे भरले नाहीत तर मध्ये येतेच. सुरभी हसून हसून खाली बसली आणि दुसरी जाऊ म्हणाली, माझ्या येतात. त्यानंतर तालीम झाली नाही.

तेव्हा आमच्या मागण्या लिहून ठेवा. पारितोषिकाचं नाव ध्वनियोजना, संगीत हा शब्द त्यात कुठेही नको. ते प्रकाशयोजनेच्या लगेच मागून पुकारायचं, आभारप्रदर्शनात गुंडाळायचं नाही. परीक्षकांना सांगायचं, की निदान एक प्रवेश डोळे मिटून ऐका (त्यांना झोप येईल तर येऊ द्या, आम्ही उठवू). ढालीची चिंता करू नका, ती आम्ही जोह्यात करवून घेतली आहे. डब्याच्या आकाराची आहे. कारागिराचा हात वर्षभर एकाच कामाला सरावलेला, म्हणून डब्याच्या पायाशी एक छोटा उंदीर आला आहे. आम्ही काढायला सांगितला नाही. त्याला वाईट वाटलं असतं, आणि उंदीर चांगला झाला आहे.

आणि मंडळाच्या नियमात असं पारितोषिक नाही हे कारण मला देऊ नका. नियम तुमच्या मंडळाने केले, मंडळाचे अध्यक्ष तुम्ही, आणि तुम्हाला इंग्रजीची बाराखडी मी शिकवली. पंधरा वर्षांची मी या घरात सून म्हणून आले नव्हते, चांगली शिकून आले होते, आणि तुम्ही मॅट्रिकला इंग्रजीत अडकला होतात तेव्हा ओसरीवर बसवून मीच तुमच्याकडून उतारे पाठ करून घेतले. तेव्हा तुम्ही मला म्हणाला होतात, वहिनी, पास झालो तर मागाल ते देईन. मी आजवर काही मागितलं नाही. आता मागते आहे.

अनिताला आशीर्वाद. रितेशला सांगा, काकू रागावलेली नाही, त्याची ढाल त्याच्याकडेच राहू दे. गुडघ्यांना जपा.

तुमची,
चंद्रावतीवहिनी

ता. क. पत्र हौसाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मागण्या बेस हायत, पण एक खरी गोष्ट लिव. ती अशी, की बक्षीस मिळो न मिळो, ती रोह्यात डबा वाजवणारच. नाटक पडू देणार नाही, पोर आपलं आहे. मी म्हटलं, हे लिहिलं तर आपल्या हातात काय राहिलं? ती म्हणाली, डबा. म्हणून लिहिलं. हे रितेशला सांगू नका.

ता. क. आता खरं काम. अनिताकडून मला एक गोष्ट कळली, ती तुम्ही तिला सांगितलीत आणि कुणालाही सांगू नको म्हणालात. (तिने फक्त मला सांगितली.) त्या दुपारी बांध धड आहे हे पाहूनही तुम्ही परत फिरला नाहीत. चपला हातात घेऊन थेट आपल्या शेताच्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहिलात, पाणी तिथूनच आधी आत यायचं म्हणून. ते शेत विकून बारा वर्षं झाली, भाऊजी. सही करताना तुम्ही दोघे भाऊ एकमेकांकडे पाहत नव्हता, मी चहा घेऊन दारात उभी होते. आता तिथे कंपनीचं कुंपण आहे, आत गवत आहे, वाचवायला काही नाही. हे तुम्हाला कुंपणाला हात लागल्यावर आठवलं असं अनिता म्हणाली. तुमचे दादा असते तर तुमच्या पुढे धावले असते, आणि मीही त्यांना थांबवलं नसतं. माझी विनंती एवढीच आहे, की रोह्यात बक्षीस समारंभाला माईकवर उभे राहून हे सांगा. फोनचं सांगू नका. कशासाठी धावलात आणि कुठे जाऊन उभे राहिलात, तेवढंच. हौसा समोर बसलेली असेल. ते एक वाक्य तिने ऐकलं तर ढाल नाही दिली तरी चालेल.

ता. क. ढाल नाही दिली तरी चालेल असं वर लिहून गेले आहे, ते भावनेच्या भरात. चालणार नाही. शनिवारच्या गाडीने ढाल घेऊन पेणला येते आहे, स्टेशनवर या. जड आहे.